संगायन ते संगणक : इगतपुरी येथील पाली तिपिटकाच्या शोधक्षम संहितेची जडणघडण आणि पुनर्रचना

सारांश

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेने पाली तिपिटक, त्यावरील अट्ठकथा व टीका यांची संगणकीय संहिता सिद्ध करून ती अभ्यासकांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. प्रथम तबकडीच्या रूपात आणि पुढे युनिकोडवर आधारित आज्ञावलीच्या रूपात आलेल्या या संहितेच्या रचनेत कालौघात मूलभूत बदल झाले. हे बदल का करावे लागले, त्यामुळे अभ्यासकाचे काम कोणत्या अर्थाने सुलभ झाले आणि कोणत्या अडचणी शिल्लक राहिल्या, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. शोधाची सुलभता हा केवळ तंत्राचा प्रश्न नसून तो पाठसंपादनाचाही प्रश्न आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पाली तिपिटक, छट्ठ संगायन, इगतपुरी, देवनागरी, युनिकोड, शब्दशोध, पेय्याल.

प्रस्तावना

इगतपुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने थळ घाटाच्या माथ्यावरील रेल्वेस्थानक म्हणून परिचित आहे. १८६५ मध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर या गावाचे महत्त्व वाढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या गावाला आणखी एक ओळख प्राप्त झाली. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी येथे धम्मगिरी हे विपश्यना साधनेचे केंद्र उभारले व १९७६ पासून तेथे शिबिरे होऊ लागली. १९८५ मध्ये याच परिसरात विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था स्थापन झाली. साधनेचे अनेक केंद्रांतून होणारे कार्य सर्वश्रुत आहे. परंतु या संस्थेने पाली वाङ्मयाच्या अभ्यासासाठी जे साधन निर्माण केले, त्याची दखल आपल्याकडील इतिहासलेखनात पुरेशी घेतली गेलेली नाही.

हस्तलिखिते, शिलालेख, ताम्रपट, बखरी ही साधने तपासून घेण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकास असते. लेखनिक कोण, प्रत कोठली, पाठ कोणत्या परंपरेचा, हे प्रश्न तो विचारतो. संगणकाच्या पडद्यावर शब्द टंकित करून मिळालेल्या उत्तराबाबत मात्र असे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वस्तुतः शोधक्षम संहिता हेही एक साधनच असते व त्यालाही घडणीचा इतिहास असतो. तो ज्ञात नसेल तर उत्तराचे मूल्यमापन करता येत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) संगणकपूर्व काळात तिपिटकात विषय वा शब्द शोधण्याच्या कोणत्या व्यवस्था होत्या ते पाहणे, (२) इगतपुरी येथील संहितेच्या रचनेतील टप्पे व त्यांची कारणे स्पष्ट करणे, (३) आजच्या अभ्यासकाच्या, विशेषतः मराठी अभ्यासकाच्या, दृष्टीने या रचनेची बलस्थाने व मर्यादा तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शेवटच्या उद्दिष्टासाठी संहितेतील प्रत्यक्ष शब्दरूपांचे विश्लेषण केले आहे.

संगणकपूर्व शोधव्यवस्था

तिपिटक हे मूलतः मौखिक परंपरेने जतन झालेले वाङ्मय आहे. श्रीलंकेत राजा वट्टगामणी अभय याच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, ते ग्रंथारूढ झाले असे परंपरा सांगते. त्यापूर्वी ते भाणकांच्या स्मरणात होते. इतका मोठा संग्रह केवळ स्मरणात ठेवायचा तर त्यातील हवा तो भाग नेमका आठवण्याची काही युक्ती आवश्यक होती. ती युक्ती संहितेच्या अंगातच घडविलेली दिसते. वग्गाच्या अखेरीस त्यातील सुत्तांची नावे गुंफणारी उद्दाने येतात. ती एक प्रकारची अनुक्रमणिकाच होय. अभिधम्मातील मातिका ही विषयसूची आहे. अंगुत्तरनिकायात एकापासून अकरापर्यंत अंकांनुसार सुत्तांची मांडणी आहे. येथे अंक हीच शोधाची किल्ली ठरते. आणि ज्या परिच्छेदांची पुनरुक्ती होते त्यांचा केवळ आरंभ देऊन पुढे ‘पेय्याल’ म्हणण्याची पद्धत आहे. ऐकणाऱ्यास उरलेला भाग पाठ असतो असे त्यात गृहीत धरलेले आहे. या अखेरच्या पद्धतीचा परिणाम संगणकयुगात कसा झाला ते पुढे पाहू.

लिखित रूपामुळे जतन सुरक्षित झाले, पण शोध सोपा झालाच असे नाही. ब्रह्मदेशात राजा मिंडोन याने १८६० ते १८६८ या काळात मंडाले येथे संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले. ही शिळासंहिता टिकाऊपणाच्या दृष्टीने अद्वितीय आहे. परंतु तीत एखादा शब्द शोधायचा तर अभ्यासकाला शिळांमधून चालतच जावे लागेल.

मुद्रणाने पृष्ठक्रमांक दिला आणि त्याबरोबर संदर्भ देण्याची सोय दिली. सयामचा राजा चुलालोंगकोर्न याच्या आश्रयाने १८९३ मध्ये तिपिटकाची मुद्रित आवृत्ती निघाली. लंडनमध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली व रोमन लिपीतील आवृत्त्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या. जगभरच्या विद्वानांनी याच आवृत्त्यांचे खंड व पृष्ठ यांनी संदर्भ देण्याचा प्रघात स्वीकारला. १९५२ पासून याच संस्थेने तिपिटकाची शब्दसूची भागाभागाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शब्दांवरून स्थळ शोधण्याचे ते मुद्रित साधन होय. पण ते मोजक्या ग्रंथालयांतच उपलब्ध होते आणि रोमन लिपीत होते.

देवनागरी पालीची महाराष्ट्रातील परंपरा

इगतपुरीचे कार्य पोकळीत उभे राहिले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी पालीच्या अध्ययनाचा पाया महाराष्ट्रात घातला. त्यांनी संपादिलेला ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी ‘सुत्तनिपात’ देवनागरीत संपादिला, तसेच रं. द. वाडेकर यांच्या सहकार्याने अभिधम्मातील ग्रंथ सिद्ध केले. मुंबई विद्यापीठाने ना. के. भागवत यांच्याकडून पाली ग्रंथांच्या नागरी आवृत्त्या करवून घेतल्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला स्वतःच्या लिपीत पाली वाचता यावे, हा या सर्वांचा हेतू होता. पुढे भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून ४१ खंडांत संपूर्ण तिपिटक देवनागरीत निघाले (१९५६–१९६१).

या इतिहासाला सामाजिक संदर्भही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. लक्षावधी मराठी कुटुंबांच्या दृष्टीने पाली ही त्या दिवसापासून केवळ प्राच्यविद्येचा विषय राहिली नाही. डॉ. आंबेडकरांनी स्वतः पाली शब्दकोशाचे व व्याकरणाचे काम केले होते. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. तात्पर्य, देवनागरीतील पाली संहितेचा वाचकवर्ग महाराष्ट्रात विद्वानांपुरता मर्यादित नव्हता. वस्तीतील विहारात वंदना म्हणणारा उपासक, शाळेत पाली विषय घेणारा विद्यार्थी आणि विद्यापीठातील संशोधक असे तिन्ही स्तर त्यात येतात. ‘सुलभता’ या शब्दाचा अर्थ ठरविताना हे लक्षात ठेवावे लागते.

छट्ठ संगायन ते इगतपुरी

बुद्धांच्या महापरिनिर्वाणास अडीच हजार वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्या शासनाने रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात छट्ठ संगायन, म्हणजे सहावी धम्मसंगीती, भरविली. थेरवादी देशांतील सुमारे अडीच हजार भिक्षूंनी पाठ तपासून त्याचे सामुदायिक पठण केले. महासी सयाडो यांनी प्रश्नकर्त्याची तर मिंगुन सयाडो यांनी उत्तरकर्त्याची भूमिका पार पाडली. संगीतीने मान्य केलेले मूळ तिपिटक ब्रह्मी लिपीत ४० खंडांत छापले गेले. त्यामागोमाग अट्ठकथा व टीकाही सिद्ध झाल्या.

गोयंका यांचा जन्म मंडालेचा. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. साधनेचा आधार मूळ बुद्धवाणीत दाखवून देता यावा, ही त्यांची भूमिका होती. अट्ठकथा व टीका यांसह छट्ठ संगायनाची संपूर्ण संहिता देवनागरीत उपलब्ध नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० मध्ये विपश्यना विशोधन विन्यासाने ब्रह्मी लिपीतील पाठ देवनागरीत आणण्याचे कार्य हाती घेतले. त्यातून ‘धम्मगिरि-पालि-गन्थमाला’ ही १४० खंडांची ग्रंथमाला सिद्ध झाली. छपाईसाठी मजकूर संगणकावर टंकित करणे क्रमप्राप्तच होते. एकदा संपूर्ण वाङ्मय संगणकात आल्यावर ते केवळ छापण्यापुरते का ठेवावे, त्यात शोधही घेता यावा, हा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

अशा प्रयत्नांची उदाहरणे जगात उपलब्ध होती. इटालियन जेझुइट विद्वान रोबेर्तो बुसा यांनी १९४९ पासून थॉमस अक्विनास याच्या ग्रंथांची यांत्रिक शब्दसूची करण्यास आरंभ केला होता. कॅलिफोर्नियात १९७२ पासून प्राचीन ग्रीक वाङ्मयाचा संगणकीय संग्रह आकार घेऊ लागला. पालीपुरते बोलायचे तर थायलंडमधील महिडोल विद्यापीठाने १९८८ मध्ये तिपिटकाची शोधक्षम संहिता सिद्ध केली. इगतपुरीच्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, त्यात मूळ ग्रंथांबरोबर अट्ठकथा, टीका, अनुटीका व व्याकरणादी इतर ग्रंथ मिळून दोनशेहून अधिक ग्रंथ समाविष्ट झाले आणि ते अनेक लिपींत, विनामूल्य देण्यात आले.

पहिली रचना : तबकडी आणि लिपिबद्धता

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संहिता तबकडीवर आली. १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी, रोमन, ब्रह्मी, थाई, सिंहली, ख्मेर व मंगोल अशा सात लिपींची सोय होती. वापरणाऱ्यास शब्द देऊन तो कोणत्या ग्रंथात कोठे आला आहे हे पाहता येत असे. मुद्रित सूचीत ज्या कामाला दिवस लागत ते काही क्षणांत होऊ लागले. मंडालेच्या शिळांपासून हे अंतर फार मोठे आहे.

तथापि या रचनेला काळाची मर्यादा होती. त्या काळी अशा लिपींसाठी प्रत्येक संस्था आपापले अक्षरसंच तयार करीत असे. पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तो एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसविलेला आकार असे. आपल्या महाविद्यालयांतून श्रीलिपी वा कृतिदेव यांत टंकित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच अनाकलनीय चिन्हांत रूपांतरित झाल्याचा अनुभव अनेक प्राध्यापकांनी घेतला आहे. पाली संहितेची अवस्था याहून निराळी असणे शक्य नव्हते. तबकडीतील मजकूर आपल्या लेखात उतरवून घ्यायचा तर तोच अक्षरसंच दुसऱ्या संगणकावरही असावा लागे.

युनिकोड प्रमाणात देवनागरी १९९१ पासून होती. परंतु सिंहली, ब्रह्मी, ख्मेर व मंगोल या लिपींचा समावेश सप्टेंबर १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत झाला. म्हणजे ज्या वर्षी सात लिपींची तबकडी निघाली त्याच वर्षी त्यांपैकी चार लिपींना सर्वमान्य संकेतांक मिळाले. स्वतंत्र अक्षरसंच वापरणे हा त्या वेळी दूरदृष्टीचा अभाव नव्हता. दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता. इगतपुरी स्थानकात विद्युतप्रवाहाचा प्रकार बदलत असल्याने दीर्घकाळ गाड्यांची इंजिने बदलावी लागत. डबे मात्र तेच पुढे जात. संहितेबाबतही नेमके हेच करण्याची वेळ पुढील दशकात आली.

दुसरी रचना : एक पाठ, अनेक लिपी

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली चौथी आवृत्ती ही केवळ सुधारित प्रत नव्हती. ती पुनर्रचना होती. तिच्यातील पाच बदल विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल पाठाच्या साठवणीचा. संपूर्ण संहिता युनिकोड देवनागरीत, एक्सएमएल या खुल्या मांडणीत ठेवण्यात आली. इतर लिपी त्या एकाच देवनागरी पाठावरून रूपांतराने दाखविल्या जातात. पाठात एखादी चूक दुरुस्त केली की ती सर्व लिपींत आपोआप दुरुस्त होते. लिपींची संख्याही वाढविता आली. बंगाली, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, तेलुगू, मल्याळम, तिबेटी, सिरिलिक यांची भर पडली. देवनागरी ही येथे अनेक लिपींपैकी एक नसून मूळ साठवणीची लिपी आहे. कोसंबी व बापट यांच्या पिढीने देवनागरी पालीसाठी घेतलेल्या श्रमांच्या पार्श्वभूमीवर ही बाब लक्षणीय वाटते.

दुसरा बदल शोधाच्या क्षेत्राचा. विनय, सुत्त, अभिधम्म हे पिटकभेद आणि मूळ, अट्ठकथा, टीका हे स्तरभेद निवडून शोध मर्यादित करता येऊ लागला. इतिहासाच्या अभ्यासकास ही सोय फार मोलाची आहे. कारण मूळ सुत्त आणि पाचव्या शतकातील बुद्धघोषाची अट्ठकथा यांत अनेक शतकांचे अंतर आहे. हे अंतर न पाळता केलेला शोध कालविपर्यास घडवून आणतो.

तिसरा बदल शब्दजुळणीचा. शब्दाच्या आरंभी वा शेवटी तारकाचिन्ह देऊन रूपभेद मिळविणे, अनेक शब्द परस्परांपासून ठरावीक अंतरात शोधणे, जुळलेल्या रूपांची यादी वारंवारतेसह पाहणे या सोयी झाल्या.

चौथा बदल स्तरांच्या जोडणीचा. मूळ सुत्त वाचत असता त्याच परिच्छेदावरील अट्ठकथा व टीका लगेच उघडता येतात. पारंपरिक पद्धतीने शिकणारा भिक्षू तीन ग्रंथ समोर मांडून बसे. तीच पद्धत येथे पडद्यावर आली.

पाचवा बदल संदर्भांचा. पाठात ब्रह्मी, थाई, पाली टेक्स्ट सोसायटी व विन्यासाची स्वतःची मुद्रित आवृत्ती यांच्या पृष्ठांच्या खुणा घातलेल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखातील संदर्भ हाती घेऊन तो नव्या संहितेत गाठता येतो. जुन्या विद्वत्तेशी असलेला दुवा यामुळे तुटला नाही.

शोध कोठे अडखळतो

इतके झाल्यावरही नवख्या अभ्यासकाची वाट निर्वेध नाही. मराठी विद्यार्थी सवयीने ‘संघ’ असा शब्द टंकित करतो. छट्ठ संगायनाच्या पाठात तो ‘सङ्घ’ असा आहे. अनुस्वार आणि परसवर्ण यांचा उच्चार मराठी माणसाच्या लेखी एकच असला, तरी अक्षरशः जुळवणी करणाऱ्या शोधाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. बौद्ध त्रिरत्नांपैकी एकाचे नाव शोधून उत्तर शून्य यावे, हा अनुभव नवख्याला साधनापासून दूर नेण्यास पुरेसा आहे. अशीच स्थिती ‘विरिय’ या शब्दाची. अन्य आवृत्त्यांत ऱ्हस्व असलेला स्वर ब्रह्मी परंपरेत दीर्घ असून पाठात ‘वीरिय’ असे रूप येते.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘दुक्ख’ हे प्रातिपदिक. वाक्यात मात्र दुक्खं, दुक्खा, दुक्खेन, दुक्खस्स अशी रूपे येतात. तारकाचिन्हाने ती मिळतात, पण ‘बुद्ध’ या अक्षरांपुढे तारका दिल्यास ‘बुद्धि’ही हाती येते. समासात शब्द मध्ये वा शेवटी जातो. ‘जातिदुक्ख’ मिळवायचे तर तारका आरंभी द्यावी लागते. संधीमुळे शब्दाचा शेवट बदलतो. उद्धृत वाक्याच्या अखेरीस ‘ति’ येताच अनुस्वाराचा ‘न्’ होतो आणि उद्धरणचिन्ह ‘अरियसच्च’न्ति’ याप्रमाणे शब्दाच्या पोटात पडते. पाली व्याकरण ज्ञात असलेल्यास यात अवघड काही नाही. परंतु व्याकरण शिकत असलेल्यालाच या साधनाची गरज अधिक असते.

तिसरी अडचण पेय्यालाची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. छापील पाठात पुनरुक्त भागाच्या जागी ‘…पे॰…’ अशी खूण येते. अंगुत्तरनिकायातील रागपेय्याल किंवा अभिधम्मातील पट्ठान येथे असा संक्षेप विपुल आहे. भाणक हा भाग म्हणत होता, श्रोता ऐकत होता. संगणकाला मात्र तो दिसत नाही. म्हणून एखादा शब्द तिपिटकात अमुक वेळा आला असे विधान करताना तो छापील संक्षेपात आला आहे, पठणात नव्हे, ही मर्यादा सांगणे आवश्यक ठरते. स्मरणाच्या सोयीसाठी योजलेली युक्ती येथे गणनेस बाधक होते.

चौथी अडचण आवृत्तीच्या परंपरेची. ब्रह्मी परंपरेत मज्झिमनिकायातील दहावे सुत्त ‘महासतिपट्ठानसुत्त’ या नावाने, चार आर्यसत्यांच्या विस्तृत विवेचनासह येते. तोच भाग दीघनिकायातील बाविसाव्या सुत्तात आहे. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत मज्झिमनिकायातील सुत्तात हा विस्तार नाही. साहजिकच या भागातील शब्दांची गणना इगतपुरीच्या संहितेत दुप्पट होते. तसेच ब्रह्मी परंपरा ‘मिलिन्दपञ्ह’ हा ग्रंथ खुद्दकनिकायात धरते. सुत्तपिटकापुरता शोध घेतला तरी राजा मिलिंद व नागसेन यांचा संवाद उत्तरात येतो. तो बुद्धवचन म्हणून उद्धृत झाल्यास दोष साधनाचा म्हणता येणार नाही. साधनाने आपली परंपरा प्रामाणिकपणे पाळली आहे. ती परंपरा कोणती हे माहीत करून घेणे अभ्यासकाचे कर्तव्य होय.

संशोधनपद्धतीवरील परिणाम

वरील विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शून्य उत्तर हा अभावाचा पुरावा नव्हे. एखादी संकल्पना तिपिटकात नाही असे म्हणण्यापूर्वी शब्दाची सर्व लेखनरूपे, विभक्तिरूपे व समासरूपे तपासली पाहिजेत. दुसरी, संख्येवरून महत्त्व ठरविणे धोक्याचे आहे. पूर्वीचा अभ्यासक ग्रंथ सलग वाचीत असे. त्यामुळे शब्द कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आला हे त्यास आपोआप कळे. शोधाने शब्द थेट हाती येतो, प्रसंग मात्र मागे राहतो. बापट व वाडेकर यांच्या पिढीला शब्द शोधण्यास कष्ट पडत, पण सापडलेला शब्द ते संदर्भासह ओळखीत. आजच्या विद्यार्थ्याला शोध सुलभ झाला आहे. वाचनाची जबाबदारी मात्र कमी झालेली नाही.

पदव्युत्तर प्रबंधांतून ‘तिपिटकात हा शब्द इतक्या वेळा येतो’ अशी विधाने येतात, तेव्हा मार्गदर्शकाने चार प्रश्न अवश्य विचारावेत : कोणती आवृत्ती? कोणते स्तर निवडले होते? कोणती रूपे शोधली? पेय्यालाचा विचार केला काय? या चार प्रश्नांची उत्तरे नोंदविलेली असतील तर दुसरा अभ्यासक तोच शोध पुन्हा करून निष्कर्ष पडताळू शकतो.

पुढील पुनर्रचनेची दिशा

चौथी आवृत्ती विंडोज प्रणालीवर चालणारी आज्ञावली म्हणून तयार झाली. प्रणाली बदलतात, आज्ञावली जुन्या होतात. परंतु पाठ खुल्या मांडणीत असल्याने इतरांनी त्यावर नवी साधने उभारली. भिक्षू युत्तधम्मो यांचे ‘डिजिटल पाली रीडर’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. शब्दावर टिचकी मारताच त्याची फोड व अर्थ देण्याची सोय त्यात आहे. संहिता मोकळी ठेवली की सुलभतेचे काम एकाच संस्थेवर पडत नाही, हा यातून मिळणारा बोध आहे.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने चार अपेक्षा नोंदविता येतील. पहिली, अनुस्वार व परसवर्ण, तसेच ऱ्हस्वदीर्घ यांतील भेद शोधापुरता गौण मानण्याची मुभा असावी. मूळ पाठ मात्र अबाधित राहावा. दुसरी, प्रातिपदिक दिल्यास त्याची सर्व रूपे मिळावीत. तिसरी, पेय्यालातील वगळलेला भाग जेथे निश्चित करता येतो तेथे तो पूरक स्तर म्हणून दाखवावा. चौथी, चौथ्या आवृत्तीसोबत पाली-इंग्रजी व पाली-हिंदी शब्दकोश आहेत, त्यांना पाली-मराठी शब्दकोशाची जोड मिळावी. डॉ. आंबेडकरांच्या पाली शब्दकोशात मराठी अर्थ दिलेले आहेत. ज्या जिल्ह्यात ही संहिता घडली त्याच्याच भाषेतील कोश तिला जोडला जाणे सर्वार्थाने उचित ठरेल. यांपैकी बरेच काम पाली, संगणकशास्त्र व मराठी या तीन विभागांच्या सहकार्याने आपल्या महाविद्यालयांतून होऊ शकते.

निष्कर्ष

१. तिपिटकातील शोधव्यवस्था संगणकाने प्रथम निर्माण केली नाही. उद्दान, मातिका, अंकानुक्रम व पेय्याल या मौखिक परंपरेतील शोधव्यवस्थाच होत्या. प्रत्येक माध्यमांतरात काही सोय मिळाली व काही गमावली गेली.

२. इगतपुरी येथील संहितेची पुनर्रचना मुख्यतः लिपींच्या संकेतांकनातील बदलामुळे शक्य झाली. देवनागरी मूळ पाठ व त्यावरून इतर लिपी ही तिची मध्यवर्ती कल्पना होय.

३. स्तरभेदानुसार शोध, अट्ठकथा-टीकांची जोडणी व विविध आवृत्त्यांच्या पृष्ठखुणा या सोयींमुळे हे साधन केवळ वाचकास नव्हे, तर इतिहाससंशोधकास उपयुक्त झाले.

४. लेखनभेद, विभक्तिरूपे, पेय्याल व आवृत्तीची परंपरा यांमुळे शोधाची उत्तरे चिकित्सेविना स्वीकारता येत नाहीत.

५. खुल्या मांडणीतील पाठ आज्ञावलीपेक्षा अधिक काळ टिकतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी व पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा दिला. या निर्णयाने पालीच्या अध्ययनाला चालना मिळेल अशी अपेक्षा आहे. गौरवाचा उपयोग मात्र तेव्हाच होईल, जेव्हा ‘संघ’ असे टंकित करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सङ्घ’ सापडेल आणि तो सापडल्यावर त्या भोवतीचे संपूर्ण सुत्त वाचण्याची सवय त्याला आपण वर्गात लावू. यांतील पहिले काम संहितेची पुनर्रचना करणाऱ्यांचे आहे, दुसरे अध्यापकांचे.